कानबाईची जागा

घरातल्या माणसांना वादळासाठी तयार करणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्यापेक्षा वादळ परवडलं. ते येतो म्हणतं आणि येतं. आमच्या घरचे उठतो म्हणतात आणि उठत नाहीत.

मी चौथी शिकलेली बाई. देवाने मला कधी दृष्टान्त दिला नाही आणि मी मागितलाही नाही. देवी दिसली म्हणून सांगणाऱ्या बायकांकडे मी आजवर तिरकंच बघत आले. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतं. पण घडलं ते सांगायला हवं, कारण त्यात चूक माझी होती.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. सुरतेला येऊन चाळीस वर्षं होत आली. उधन्यात आमच्या दोन खोल्या आहेत. पुढची स्लॅबची, मागची पत्र्याची. पुढच्या खोलीत कोपऱ्यात कानबाई असते. कानबाई म्हणजे आमची खान्देशची देवी. नारळालाच डोळे लावायचे, नथ घालायची आणि टोपलीत बसवायची. आमचा नारळ सासूबाईंनी गावाहून येताना मांडीवर आणलेला. श्रावणात सगळं कुटुंब तिच्यापुढे जमतं, एरवी मी एकटीच तिला हळदकुंकू लावते.

वैशाख होता. समुद्रात वादळ उठलंय, असं दोन दिवस टीव्हीवर दाखवत होते. घरात सून ज्योती नऊ दिवसांची बाळंतीण, मुलगी झालेली. तिला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडे. मला झोप नव्हती. पिंप भरलं, कळशा भरल्या. मेणबत्त्या आणि काडेपेटी डब्यात घातली. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि पोरीचे दवाखान्याचे कागद साडीच्या पिशवीत गुंडाळले. मुरमुरे, शेव, ज्योतीचे डिंकाचे लाडू एका जागी ठेवले. मुलगा संजू रात्रपाळी करून आला होता, तो अंथरुणातून म्हणाला, "माय, वादळ द्वारकाकडे जाई राहिनं. आपले काय करनं शे?"

"तुले त्यानी चिठ्ठी धाडी का?" मी म्हटलं. "ऊठ, मोबाइल चार्ज कर."

"चार्जच शे."

बघितलं तर अकरा टक्के. तिकडे ज्योती खाटेवर बसून मोबाइलवर कुठल्या तरी दुसऱ्याच देशातलं वादळ बघत होती आणि मलाही दाखवत होती. गाय उडताना. मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात गल्लीतून पालिकेची भोंगा लावलेली रिक्षा गेली. गुजराती मला चांगलं समजतं, त्याचा मला अभिमानच आहे. भोंगा सांगत होता, "पतरां उपर वजन मूकशो..." आणि रिक्षा कोपऱ्यावर वळली. झालं. पत्र्यावर वजन ठेवा म्हणतायत. मी संजूला हाताला धरून उठवलं. गटाराच्या कामाचे दगड गल्लीत पडले होते, ते सहा त्याला वर चढवायला लावले. ज्योतीच्या खाटेवरचा पत्रा जास्त फडफडायचा म्हणून मोठे दोन नेमके तिथे ठेवायला सांगितले. तो कुरकुरला, मी ओरडले. दगड बसले आणि मला हायसं वाटलं. कानबाईला म्हटलं, बाई, माझं काम झालं, आता तुझं.

दुपारी आभाळ काळं झालं. पाऊस आडवा यायला लागला. गल्लीत खांबांवर मोठमोठे बॅनर होते, ते उतरवायला एक माणूस शिडी घेऊन फिरत होता. पन्नाशीचा, वाळका, डोक्याला टॉवेल. आमच्या घराशेजारच्या खांबावर चढला आणि तिथूनच ओरडला, "बा, आ पथरा कोणे मूक्या?"

"मी ठेवले," मी दारातून म्हटलं. "रिक्षावाल्याने सांगितलं."

"रिक्षावाल्याने 'मूकशो नहीं' सांगितलं," तो आता मराठीत म्हणाला. "'नहीं' ऐकलं नाही का? पत्रा उडाला तर दगड कुणाच्या डोक्यात जाणार?"

गुजरातीत 'नहीं' वाक्याच्या शेवटी येतं. तेवढंच कोपऱ्यापलीकडे गेलं होतं. पण मी लगेच मान्य करीन तर मी कसली. म्हटलं, तू तुझे बॅनर काढ. त्याने ऐकलंच नाही. शिडी आमच्या भिंतीला लावली, वर गेला आणि एकेक दगड उतरवून संजूच्या हातात द्यायला लागला. उतरवता उतरवता पत्र्याच्या फटीतून त्याला खाट दिसली असावी. खाली वाकून म्हणाला, "आत बाळ आहे? पुढच्या खोलीत न्या. स्लॅबखाली."

आता माझी खरी अडचण. ज्योतीचं सोयर चालू होतं. बारा दिवस होईपर्यंत बाळंतिणीने आणि बाळाने देवाच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. मी स्वतः दोन बाळंतपणं तशीच काढली, सासूबाईंनी मला उंबरा ओलांडू दिला नव्हता. सकाळपासून सगळी तयारी केली, पण बाळंतीण पत्र्याखाली आहे हे मला अडचण वाटलंच नव्हतं. ते तसंच असतं, एवढंच डोक्यात होतं. मी त्या माणसाला सांगितलं, पुढे देवी आहे, चालत नाही.

तो भिजलेला, दमलेला, माझ्यासारखाच वैतागलेला. म्हणाला, "तो माताजीने अहीं मूको ने! देवीला इथे ठेवा आणि पोरीला तिथे. कंटाळा आणला तुम्ही."

संजू फिस्सकन हसला. ज्योती खाली बघत होती. पत्र्याखाली झोपण्याबद्दल इतक्या दिवसांत तिने एक शब्द काढला नव्हता, पण पोरीला तिने इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. ती बोटं मी बघितली.

मी पुढे गेले, टोपली उचलली. मनात म्हटलं, बाई, रागवायचं तर माझ्यावर रागाव, आता मला वेळ नाही. मागे जमिनीवर पाणी गळत होतं, म्हणून टोपली खाटेवरच ठेवली, पोरगी झोपायची तिथे. ज्योतीला आणि बाळाला पुढे घेतलं. माझ्या हाताने उंबरा ओलांडवला.

चार दगड उतरले होते, मोठे दोन राहिले होते. तेवढ्यात वारा असा आला की शिडी हलली. तो माणूस उतरला. मी म्हटलं, आत या, चहा टाकते. तो म्हणाला, अजून सात बॅनर बाकी आहेत, आणि शिडी खांद्यावर घेऊन गेला. मी नावही विचारलं नाही. आम्ही मधलं दार लावून बसलो. थोड्या वेळाने मागे मोठा आवाज झाला आणि दाराखालून पाणी आत आलं.

वारा कमी झाल्यावर संजूने दार उघडलं. वर आभाळ दिसत होतं. पत्रा वाकून खाटेवर पडला होता आणि एक दगड खाटेच्या मधोमध होता. टोपली चपटी झाली होती. नारळाचे दोन तुकडे झाले होते, एका तुकड्यावर नथ तशीच होती. ज्योती पोरीला पाजत होती. तिला मी मागे येऊ दिलं नाही.

लोक आले. नारळ फुटला हे शुभ की अशुभ, यावर चुलतजावेने फोनवर अर्धा तास घेतला. मी सांगितलं, ते तू ठरव, मला पत्रा बघायचाय. बॅनरवाल्याला शोधायला संजू दोनदा जाऊन आला. कुणी म्हणालं पलीकडच्या सचिन गावातून माणसं आणली होती, कुणी म्हणालं माहीत नाही. असेल कोणी पोट भरायला आलेला. तो देव होता असं मी म्हणत नाही. देव एवढा चिडका नसावा.

पण मी आयुष्यभर देवीपुढे नारळ फोडले, हे दे, ते दे म्हणत. त्या दुपारी तिला मी पोरीच्या जागी ठेवलं आणि ती तिथे बसली. याचा अर्थ मला लावता येत नाही. लावायला जाते तेव्हा डोळे भरतात, आणि मला ते आवडत नाही. श्रावणात नवा नारळ बसवला. त्याच्यापुढे पोरीला मीच मांडीवर घेऊन बसले होते, आणि तिने कानबाईचं पातळ ओढलं तरी कुणाला बोलू दिलं नाही.

वादळाची तयारी मी पुढेही करणारच. पाणी भरीन, कागद गुंडाळीन, संजूला ओरडून उठवीन. ते माझं काम. फक्त आता दिवा लावताना हात जोडून एवढं म्हणते, बाई, माझं कुठे चुकत असेल तर सांग. कुणाच्या तोंडून सांगायचं ते तू बघ. तो माणूस मला आवडला नाही तरी मी ऐकीन.