मळीचं पाणी

सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या वळणावर माझं थोडं रान आहे. दर पुरात नदी त्यावर गाळ टाकून जाते. अशा गाळाच्या रानाला आमच्याकडं मळी म्हणतात. माझे वडील हळदीच्या पेठेत हमाली करायचे. त्याच पेठेत पोती शिवता शिवता मी दलाल झालो आणि आयुष्यात पहिलं रान घेतलं ते हे. पावसाळ्यात बुडणारं रान घेतलं म्हणून गाव हसलं. कोण कोण हसलं ते मला अजून सांगता येईल.

मळीच्या खाली नदी संथ होते. तळाला वाळू आहे, ओढ नाही. माझा मेहुणा फौजेतून हवालदार होऊन परत आला होता. उन्हाळ्यात तो तिथं पोरांना पोहायला शिकवायचा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा पोराच्या कमरेला बांधायचा, त्याला पाण्यात ढकलायचा आणि काठावरून कवायतीच्या आवाजात हात मारायला लावायचा.

हे सत्तरनंतरच्या एका उन्हाळ्यातलं. आधीच्या वर्षी नदीत पोहून पोरांच्या अंगाला खरूज उठली होती, पालकांनी आरडाओरडा केला होता. तेव्हा आरोग्य खात्यानं ठरवलं, की पोहायच्या सगळ्या जागा तपासायच्या आणि पाट्या लावायच्या. पांढरी पाटी म्हणजे योग्य, तांबडी म्हणजे अयोग्य. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी मला स्पष्ट सांगितलं, की सुट्टीतला पोहण्याचा वर्ग पांढऱ्या पाटीजवळच भरेल. तो वर्ग मला माझ्या मळीत हवा होता. धर्मादाय म्हणून नव्हे. मी काठाला दगडी पायऱ्या बांधल्या होत्या, खाणवाल्याशी घासाघीस करून चांगला घडीव दगड मिळवला होता. आंब्याखाली रसवंती टाकायचा विचार होता. आणि जे हसले होते त्यांची पोरं माझ्या पायऱ्या उतरणार होती.

तपासणीच्या दिवशी मी कामाला तासगावला गेलो होतो. संध्याकाळी एसटीतून उतरून रानात आलो तर काठावर तांबडी पाटी. मेहुणा शेजारी बसून बिंड्याच्या दोऱ्या सोडवत होता. मी विचारलं, साहेबाला काय बोललास? तो म्हणाला, विचारलं तेवढंच.

"कसलं पाणी म्हनला. म्हनलं, मळीचं. कायम मळीचंच का? म्हनलं, व्हय साहेब, आज्याच्या काळापासनं. त्यानं लिवलं, मी सलाम ठोकला. माजं काय चुकलं, दाजी?"

चुकलं काहीच नव्हतं. पण साखर कारखान्यातून निघणाऱ्या काळ्या, आंबूस घाणीलाही मळीच म्हणतात. ती नदीत सुटली की मासे पोट वर करून तरंगतात. निरीक्षक साहेब बाहेरचे, याआधीची नोकरी कारखान्याच्या गावात झालेली. त्यांना मळी एकच माहीत. त्यांनी शेरा मारला होता, की येथे कायम मळीचे पाणी असते. पाण्यात त्यांनी बोटसुद्धा बुडवलं नव्हतं.

पुलाखालच्या घाटाला मात्र पांढरी पाटी मिळाली होती. तिथं म्हशी बसतात आणि ट्रक धुतात. पण नाव घाट, म्हणून योग्य.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. हळदीच्या पेठेत रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो, तोंडानं बोलावं लागत नाही. इथं सगळा घोळच तोंडी होता. मी शांतपणे सांगितलं, की साहेब, मळी म्हणजे रान.

"मला मळी शिकवू नका," साहेब म्हणाले. "चार वर्षं त्या वासात जेवलोय मी."

माझा आवाज चढला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मी साहेबांना म्हणालो, आत्ता चला, नाही तर मी इथून उठत नाही. त्यांनाही दुपारी काही काम नसावं. आले. काठावर उभे राहून त्यांनी वास घेतला, वाळू पाहिली. मी ओंजळभर पाणी त्यांच्यासमोर प्यालो.

"पिण्याचं काम दुसऱ्या टेबलाकडं आहे," ते म्हणाले. "पण पाणी चांगलं आहे."

मग शेरा बदला म्हटलं, तर नाही. अहवाल वर गेला होता. मळी या नावापुढं अयोग्य लागलं ते लागलं. नवी जागा म्हणून नोंद करता येईल, पण नवं नाव पाहिजे. मी वडिलांचं नाव सुचवलं. खाजगी नाव चालत नाही म्हणाले. मळीघाट म्हटलं, तर मळी हा शब्दच नको म्हणाले. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: सार्वजनिक पोहण्याची जागा, क्रमांक दोन. मी म्हटलं, एक द्या. एक पुलाखाली गेला होता. अदलाबदल करा म्हटलं. ते उठून जीपकडं चालू लागले. सुट्टी सोमवारी लागणार होती. मी दोन नंबरावर सौदा मिटवला.

पांढरी पाटी लागली. तांबडी काढायचा हुकूम नव्हता, म्हणून तीही राहिली. सोमवारी हायस्कूलची पोरं आली आणि तांबड्या पाटीवर सदरे टाकून पाण्यात उतरली.

पंधरवड्यात गावाच्या तोंडी एकच झालं. कुठं निघालास? दोन नंबरला. पेठेत दोन नंबरचा धंदा कशाला म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक. एक व्यापारी भर सौद्यात मला म्हणाला, "काय शेठ, दोन नंबर जोरात चाललंय म्हनं?" मी त्याचा सदरा धरला. लोकांनी सोडवलं. वडिलांच्या हमालीनंतर जे नाव मी पेठेत कमावलं होतं, ते एका पाटीनं असं केलं. मेहुण्याला यात काही वावगं दिसेना.

"पोरं पवत्यात न्हवं, दाजी? मग झालं की."

पुढच्या उन्हाळ्याआधी ते नाव बदलून घ्यायला मी पुन्हा कचेरीत गेलो. साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब तरुण होते, त्यांनी खुर्ची दिली. मी म्हणालो, मळीच्या पाण्याबद्दल आलोय. त्यांनी यादी उघडली, बोट फिरवलं आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "तिकडं अजिबात जाऊ नका, काका. पोहायचंच असेल तर दोन नंबरला जा. तिथलं पाणी उत्तम आहे."

दोन नंबरचं पाणी मळीचंच, हे सांगायचं तर पुन्हा मळी या शब्दापासूनच सुरुवात करावी लागणार होती. चहा आला होता, तो न पिता उठलो.