एकटीची फॅमिली रूम

अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला लागले तेव्हा जेवायचं कुठे, असा प्रश्न आपल्याला पडेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्या बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या घरात जेवणाची काळजी होती ती पिकवण्याची आणि रांधण्याची. बसायचं कुठे, ही काळजी कोणी केली नाही. चुलीपुढे बसायचं.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. मुलींपुरतं बोलायचं तर गावातलीही पहिलीच, पण ते दुसऱ्यांनी म्हणावं. उल्हासनगरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं. सेकंड क्लास मिळाला, आणि तो माझा स्वतःचा होता, कोणाच्या नोट्स उतरवून आलेला नव्हता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मला घेतलं, आणि त्या लॅबमधली मी एकटी बाई होते.

सुरुवातीला डबा नेत होते. आई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायची आणि मग शेतावर जायची. लॅबमध्ये डबा उघडायला बंदी होती, ती योग्यच होती. तरी एकदा दाराआड उभं राहून खाल्लं तर भाकरीलाही ॲसिडचा वास. ऑफिसर लोक वरच्या केबिनमध्ये जेवायचे. तिथे मी दोन दिवस गेले. मी गेले की त्यांचं बोलणं थांबायचं, कोणीतरी घसा साफ करायचं, आणि सगळे भराभर जेवून उठायचे. पॅकिंगमधल्या बायका शेडच्या भिंतीला टेकून गोल बसायच्या. त्यांच्यात गेले तर त्या उठून उभ्या राहिल्या. एकीने पदराने फरशी पुसून दिली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाला इथे?" तिचं काही चुकलं नाही. पण माझा घास तिथे उतरला नाही.

गेटाबाहेर नाक्यावर एक उडप्याचं हॉटेल होतं. एके दिवशी सरळ तिथे गेले आणि दाराजवळच्या रिकाम्या टेबलाशी बसले. पन्नाशीचा, मिशा पिकलेला वेटर लगबगीने आला.

"मॅडम, फॅमिली अंदर."

मी एकटीच आहे म्हणून सांगितलं.

"हां, वही तो. लेडीज मतलब फॅमिली."

आत म्हणजे प्लायवूडच्या पार्टिशनमागे. वर 'फॅमिली रूम' अशी लाल अक्षरं, खाली हिरवा पडदा. चार टेबलं, एक बेसिन, बेसिनवर साबणाचा कापलेला तुकडा, आणि दिवसाउजेडी चालू असलेली ट्यूबलाइट. त्याने माझ्या एकटीसाठी पंखा लावला. पार्टिशन डोक्याएवढंच उंच, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं: ओव्हरटाइम, युनियन, कोणाची बदली, क्रिकेटचा स्कोअर. कोणाचे दात दुखतात हेसुद्धा मला माहीत झालं होतं. माणूस मात्र एकही दिसायचा नाही. पहिला आठवडाभर वेटर पाण्याचा ग्लास ठेवताना विचारायचा, पीछे से कोई आ रहा है? मग विचारायचा थांबला. त्यानंतर मी आत शिरले की राइस प्लेट यायची, पुऱ्यांच्या जागी चपात्या, आणि शेवटी अर्धी कॉफी, साखर कमी. मी एकदाच सांगितलं होतं.

बाहेर खाणं मला नवीन नव्हतं. कॉलेजात असताना सिंधी मैत्रिणी मला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये दाल-पकवान खायला ओढून न्यायच्या. त्यांच्या घरी बाहेर खाणं म्हणजे काही पाप नव्हतं. आया-आज्यांसकट सगळं घर गाडीपाशी उभं राहून खायचं आणि वर अजून कांदा घाल म्हणून भांडायचं. आम्ही पाच जणी एका प्लेटीत हात घालायचो. ती चव वेगळी का लागायची ते मला या पडद्यामागे बसल्यावर कळलं. इथलं सांबार खरं तर जास्त चांगलं होतं.

घरी मी सांगितलं की कारखान्यात कँटीन आहे, आता डबा नको. आईची पहाटेची झोप वाचावी म्हणून सांगितलं, हे खरं आहे. पण मुलगी हॉटेलात जेवते हे ऐकून गावात काय बोलतील ते मला माहीत होतं, हेही तेवढंच खरं.

असं दीड वर्ष गेलं.

मग मामाने एक स्थळ आणलं. मुलगा मूळचा शहापूरकडचा, डिप्लोमा झालेला, अंबरनाथच्याच एका कारखान्यात सुपरवायझर. बदलापुरात भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. त्याने निरोप पाठवला होता की घरी पोह्यांचा कार्यक्रम नको, मुलीला ट्रे घेऊन यायला लावू नका. कुठेतरी बाहेर बसू, म्हणजे मोकळं बोलता येईल, आणि जागा मुलीनेच सांगावी.

तो निरोप मी मामाकडून दोनदा वदवून घेतला. एखाद्या पुरुषाने माझं बोलणं ऐकायचं म्हणून मला बोलावलं होतं. मला संसाराची फार घाई होती असं नाही. पण दुपारच्या जेवणाला समोर कोणीतरी असावं आणि त्याने विचारावं, आज काय झालं, एवढं मला हवं होतं, फार हवं होतं. ते त्या वेळी मी कोणाजवळ बोलले नाही.

मामा म्हणाला, कल्याणला चांगलं एसी हॉटेल आहे, तिथे जाऊ. मी नको म्हटलं. कल्याणच्या हॉटेलात इंग्रजी मेन्यू कार्ड, काटे-चमचे, तिथे आपण बिचकणार. आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात मला सगळं ठाऊक होतं, तिथे मी ताठ बसू शकणार होते. मुलीने जागा सांगायची ना, मग मी माझी जागा सांगितली. माझा हा शहाणपणा मला नडला.

एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे हॉटेल रिकामं. आम्ही चौघं होतो: मी, मामा, तो आणि त्याची मोठी बहीण. बहीण उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये दिलेली, बोलायला नीटनेटकी. वेटरने मला पाहिलं, माझ्यामागे तिघांना पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की जणू त्याच्याच घरचं कार्य. पडदा स्वतः धरला. कोपऱ्यातल्या माझ्या नेहमीच्या टेबलाकडे मी वळले तर म्हणाला, वो नहीं मॅडम, आज बडा वाला. टेबल दोनदा पुसलं.

"आज मॅडम अकेली नहीं," तो बहिणीला म्हणाला. "बहुत अच्छा लगा."

त्याने सगळ्यांना चहा की कॉफी विचारलं. मला विचारलं नाही. माझ्यापुढे कमी साखरेची कॉफी आणून ठेवली.

बहिणीने त्या कपाकडे पाहिलं. मग माझ्या बोटांकडे, कारण रंगाचे पिवळे डाग नखांत बसलेले असायचे आणि ते घासून जायचे नाहीत. "हळद का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, कारखान्याचा रंग.

"रोज इथेच असता वाटतं?"

"हो. दुपारी जेवायला."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

"एकटीच," ती म्हणाली आणि तिने मामाकडे पाहिलं. मामा चटणी बघत होता. त्यालाही कँटीनचंच माहीत होतं.

खोटं बोलता आलं असतं. मैत्रीण असते म्हणायचं, झालं. पण आपण जे करतो ते सांगायला लाजायचं कशाला, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

तो मात्र चांगला बोलला. लॅबमध्ये नक्की काय करतेस, असं विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. एका बॅचचा निळा रंग दुसऱ्या बॅचच्या निळ्याशी जुळवताना डोळे कसे फसतात ते मी सांगितलं. त्याने त्याच्या बॉयलरच्या गमती सांगितल्या. मग डोशाचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाला, "मला एकट्याला जेवण जात नाही. खोलीवर डबा येतो, पण उघडायचाच कंटाळा येतो." बहिणीने त्याला डोळ्याने गप्प केलं. पण ते वाक्य मी घरी घेऊन गेले. सोनिवलीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी ते मनात कितीदा म्हटलं त्याला सुमार नाही.

आठ दिवसांनी मामा आला. ओट्यावर बसून पाणी प्यायला, मग दुसरा तांब्या मागितला. मुलाचं नाही नव्हतं म्हणाला, पण बहीण आईच्या जागी, तिच्या शब्दाबाहेर तो नाही. आणि बहिणीचं म्हणणं काय, ते त्याने खाली बघत सांगितलं.

"मुलगी शिकलेली आहे, चांगली आहे. पण तिला वेटर ओळखतो."

आई चुलीपासून उठून आली. "कोण वेटर? कँटीनातला?"

मग सगळं सांगावं लागलं. आईला स्थळ मोडल्यापेक्षा दुसरंच लागलं. "कँटीन नव्हतं, तर मला सांगायचं नाय? भाकरी टाकायला मी काय मेलेली का?" असं म्हणून ती जी आत गेली ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. वडील बाजूला दोरखंड वळत बसले होते, ते वळता वळताच मामाला म्हणाले, "मला पण बाजारातला चहावाला वळखतो. मला कुणी नाय म्हटलं का?"

आतून आई म्हणाली, "तुम्ही बाप्या माणूस."

वडिलांनी दोरखंडाला गाठ मारली. पण एवढं त्यांनी म्हटलं, ते मी विसरलेले नाही.

त्यानंतर महिनाभर मी डबा नेला. स्टोअररूममध्ये ड्रमांच्या मधे उभी राहून खात होते. आई पुन्हा चारला उठत होती, आणि डबा भरून देताना झाकण जरा जोरात दाबत होती. बदलापूर स्टेशनात तो एकदा लांबून दिसला. त्यानेही मला पाहिलं असावं, कारण तो पुलाच्या दुसऱ्या जिन्याने उतरला. मी त्याच्यावर रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्याहून जास्त असं वाटलं, की आज हा जेवला असेल का?

एके दिवशी आईला सांगितलं, उद्यापासून डबा नको, मी हॉटेलात जेवणार आहे. या वेळी कँटीन म्हटलं नाही. आईने भाकरीचं पीठ परत डब्यात ओतलं आणि एवढंच म्हणाली, "बघ बाई, तुझं तू."

हॉटेलात शिरले तर वेटर गल्ल्यापाशीच उभा होता. बहुत दिन हो गये मॅडम, म्हणाला. मग आवाज खाली आणून विचारलं, शादी का कुछ हुआ?

"नहीं हुआ."

"क्यूं?"

मला त्याला हे सांगायचं नव्हतं. पण इतक्या दिवसांत मला तसं विचारणारा तो पहिला माणूस होता, आणि तोंडातून निघून गेलं.

"क्योंकि आप मुझे पहचानते हैं."

हातातलं फडकं त्याने खांद्यावर टाकलं, परत काढलं. "हमने तो इज्जत से किया था, मॅडम."

"मालूम है," मी म्हटलं. आणि मला खरंच माहीत होतं.

त्याने सवयीने जाऊन हिरवा पडदा उचलला. मी आत गेले नाही. बाहेरच्या हॉलमध्ये, बरोबर मधल्या टेबलाशी बसले. तो पडदा धरून तसाच उभा राहिला, मग सोडून दिला आणि राइस प्लेट घेऊन आला.

एकचा भोंगा झाला. पाच मिनिटांत हॉल भरला. महिनोन् महिने जे आवाज मी ऐकत होते ते सगळे एकदम समोर आले, आणि एकेक करून खाली बसले. माझ्या टेबलाच्या तीन खुर्च्या तेवढ्या रिकाम्या राहिल्या. उरलेली माणसं भिंतीला लागून उभी राहिली, हात धुतलेले, ओले. वेटर म्हणाला, बैठो ना, जगह है. कोणी हललं नाही. आमच्याच कारखान्यातला एक वयस्कर फिटर पुढे आला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, मला पाहिलं आणि हात काढून घेतला.

"बसा ना, काका," मी म्हटलं.

"नको मॅडम. तुमचं होऊ द्या."

त्याच्या आवाजात वाकडं काहीच नव्हतं, आदरच होता. मी उठले असते तर चार माणसांची सोय झाली असती. सगळ्यांना ते कळत होतं, मलाही. मी वेटरला हाक मारली आणि आणखी भात मागितला. भूक नव्हती. तो भात मी सावकाश कालवला, आणि ताट पुरं होईपर्यंत जागेवरून उठले नाही.