तुरटीच्या पाण्यावर पाळत

आम्ही अचलपूरचे रंगारी. धनगरणी लोकरीचं सूत कातून आणायच्या आणि आम्ही ते आल नावाच्या झाडाच्या मुळांनी लाल रंगवून द्यायचो. वऱ्हाडात सगळ्यांना कापसाचं वेड लागलं, तेव्हा माझा नवरा आणि दीर बैलगाड्या घेऊन अमरावतीकडे कापूस वाहायला गेले. रंगाचं काम माझ्यावर आणि धाकट्या जावेवर पडलं.

त्या हंगामात रंगच बिघडला. लाल सूत काळपट निघायला लागलं. आधी वाटलं, मुळं वाईट. आल उपटून लोकांनी कापूस पेरला होता, मिळतील ती मुळं घ्यावी लागत. पण दुसरी खेपही तशीच. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात नीट भिजली नाही तर रंग धरत नाही. आणि तुरटी जावेच्या ताब्यात होती. तिचा भाऊ परतवाड्याहून यायचा, जाताना काखेत झाकलेलं गाठोडं असायचं.

मी तुरटीच्या मडक्यावर राखेची खूण केली. दोन दिवसांनी ती पुसलेली दिसली.

"तुरटी कोणाले देऊन राहिली तू?"

"मी काहून देऊ? गाठोड्यात भाकरी असते, बाई. माय आजारी हाये माही."

"भाकर अशी लपवून नेतात काय?"

"तुमी न्यायला दिली असती?" एवढंच बोलून ती माहेरी निघून गेली.

पुढचं सूत मी एकटीनं भिजवलं, तुरटी माझ्या हातानं घातली. तेही काळं पडलं. सूत न्यायला आलेल्या धनगरणीनं तुरटीच्या पाण्याच्या रांजणातला पोहरा वर ओढला.

"हे काय वो?"

पोहऱ्याला गंजलेली लोखंडी साखळी होती. कापसाच्या गाठी बांधण्यात बाजारातले दोर संपले होते, म्हणून मीच ती लावली होती आणि पोहरा पाण्यातच सोडून द्यायची. लोखंडानं लाल रंग काळवंडतो, हे मला लहानपणापासून ठाऊक; पण माझी नजर सारी मडक्यावर. राखेची खूण तर कामाची तुरटी काढतानाच पुसली गेली असणार.

मी परतवाड्याला चालत गेले. जावेची आई खरंच अंथरुणावर होती.

"घरी चाल," मी म्हटलं.

"माय उठली का येईन."

महिन्याभरानं ती आली. रुसवा दाखवला नाही. फक्त तुरटी घालायच्या वेळी दर खेपेला मला हाक मारायची, "बाई, पायता नं? टाकून राहिली मी," आणि मी जाऊन उभी राहीपर्यंत मूठ उघडायची नाही.