लेंड की बॉरो?

माझे सासरे तीस वर्षं कारखान्यात फिटर. कुणापुढे हात पसरणं त्यांच्या स्वभावातच नाही. छप्पर गळायला लागलं तेव्हा मात्र त्यांनी कंपनीकडे उसने पैसे मागितले. इंग्रजीत अर्ज लिहिला, तोही मला, इंग्रजी शिकवणाऱ्या सुनेला, न दाखवता! उत्तरातलं 'सॉरी' तेवढं त्यांना कळलं आणि पत्र उशीखाली सारून ते गळतीखाली बादल्या मांडत बसले.

शेवटी मीच ते पत्र वाचलं.

"बाबा, तुम्ही 'बॉरो'च्या जागी 'लेंड' लिहिलंत. उसने घ्यायचेत म्हणायचं तिथे उसने देतो म्हणालात! कंपनी म्हणते, आभार, पण आम्हाला गरज नाही."

"म्हणजे मला नकार नाही?" त्यांचा जीव भांड्यात पडला.

"नाही हो. आत्ताच नवा अर्ज लिहू."

"उद्या," ते ताठ बसून म्हणाले. "आजचा दिवस मला सावकार राहू दे. चहा टाक."