आईच्या आईचं नाव

माझ्या मुलीच्या शाळेचा फॉर्म भरत होते. त्यात आईच्या नावालाही रकाना होता. आमच्या वेळी असं काही विचारत नसत. शेजारी बसलेली माझी आई म्हणाली, "माझ्या फॉर्मवर हा रकाना कोराच राहिला असता." सत्तरी उलटली तरी तिला स्वतःच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं. 'तुला टाकून पळून गेली,' एवढंच गणपतकाकांनी सांगितलेलं. काका म्हणजे तिचे चुलते. तिचे वडील गेल्यावर त्यांनीच तिला वसईहून नाशिकला आणून वाढवलं. घरात त्या बाईचा विषय काढायचा नाही, ही त्यांची शिस्त. तो कोरा रकाना काही माझ्या डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात मी पहाटेची वसईची एसटी धरली.

वाटेत टायर पंक्चर झालं, तासभर रस्त्याकडेला उभे राहिलो. वालीवच्या कारखान्यांमधला खडखडाट मागे टाकून बस वसईत शिरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी तडक दस्तनोंदणीची कचेरी गाठली. जुन्या दस्तांची नोंद तिथे मिळेल असं कळलं होतं.

"बाईच्या नावाने शोध लागत नाही, मॅडम," कारकून म्हणाला. "नवऱ्याचं नाव सांगा."

"बाईचं नाव शोधायलाच आलेय मी."

"मग तर नवऱ्याचंच सांगा."

सांगितलं. बऱ्याच वेळाने एका फाटक्या वहीत आजोबांचं नाव सापडलं. पुढे लिहिलं होतं, फारकतपत्र (काडीमोडीचा कागद). आणि दुसऱ्या पक्षाच्या रकान्यात 'त्याची बायको'. बस्स. जिचं बायकोपण मोडायला हा कागद केला, तिला त्याच्या नोंदीतसुद्धा स्वतःचं नाव नाही. माझं टाळकंच फिरलं. मूळ दस्त काढायला चार वाजतील म्हणून कारकुनाने डबा उघडला.

मी रिक्षाने पाचूबंदरला गेले. आजोबांचं घर तिथलंच. बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत होते. त्यांची राखण करत हिराबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांना मी आजोबांचं नाव सांगितलं.

"त्याची बायको? चांगुना," त्या लगेच म्हणाल्या. सत्तर वर्षं आमच्या घरात जे नाव कुणी उच्चारलं नव्हतं, ते इथे बोंबलांवरचे कावळे हाकता हाकता मिळालं.

"ती पळून गेली म्हणतात," मी म्हणाले.

"पळून? कोन बोलतो? पंचांसमोर काडी मोडली तिची. मी आठ वर्साची होते, पाह्यलंय. पोर द्या म्हनून दारात बसायची. मग पाट लावून (दुसरं लग्न करून) अर्नाळ्याला गेली. पन दर होळीला यायची, पोर कुठं नेली इचारायला. तुमच्या मानसांनी सांगितलं नाय. तशीच वारली." मग मला खाली बसवून त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. "खा. पानी पी. तिची नात तू."

मी भाकरी संपवली. त्यांच्यासमोर पानात टाकणं मला जमलं नाही.

चार वाजता दस्त समोर आला. 'चांगुणा हिने मुलीवर हक्क सांगू नये, तिला भेटू नये.' खाली फिसकटलेला अंगठा. शेजारी साक्षीदाराची सही, गणपतकाकांची. आईने जपून ठेवलेल्या प्रगतिपुस्तकांवर असते तीच, झोकदार, खाली रेघ ओढलेली. या माणसाने स्वतः साक्ष घातली आणि नंतर जन्मभर त्या पोरीला सांगितलं, तुझी आई पळाली. नक्कल हाती पडेस्तोवर मी उभीच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला सगळं वाचून दाखवलं. 'भेटू नये' हे तिने दोनदा वाचायला लावलं. मग स्वतःशीच म्हणाली, "चांगुणा." भिंतीवर काकांचा फोटो होता. मी स्टूल ओढलं.

"फोटो राहू दे," आई म्हणाली. "वाढवलंय त्यांनी मला. हार काढ."

मी काढला. ताजा होता, सकाळीच तिने ओवलेला.