चार बोटांचा पंजा

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलातल्या एका लहान गावात मी मास्तर होतो आणि पंचक्रोशीत डिजिटल कॅमेरा असलेला एकटाच होतो. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात गेल्या होत्या. चंद्रपूरहून आणलेला तो कॅमेरा विटेच्या तुकड्याएवढा, पण काम मोठ्या कॅमेऱ्याचं करायचा. लांबचा पक्षी जवळ आणायचा, बोटभर अंतरावरून मुंगीचे पाय दाखवायचा. त्याचा पडदा उन्हात धड दिसत नसे आणि संध्याकाळी फोटोत दाणे पडत, हे मात्र मी कुणाला सांगत नसे.

मोहाची फुलं गळायला लागली होती आणि ती वेचायला बायका पहाटेच जंगलात जात. महिन्यापूर्वी शेजारच्या गावचा गुराखी वाघाने मारला होता. त्या वाघाच्या पंजाचा कागद नाकेदाराकडे होता. नाकेदार म्हणजे आमच्याकडचा वनरक्षक. पंजाच्या खुणेवर काच धरायची, काचेवर पेनाने रेघ ओढायची आणि ती कागदावर उतरवून घ्यायची, ही त्याची जुनी पद्धत.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला एका सकाळी नाल्याकाठच्या वाटेवर पंजा दिसला. तिने आपली मोहाची टोपली त्यावर पालथी घातली आणि नाकेदाराला निरोप धाडला. तो सांजेला काच घेऊन येणार होता. माझ्याने कुठला धीर धरवतोय! मी दुपारीच गेलो, टोपली बाजूला केली, पडदा वळवून घेतला, वर हाताची सावली धरली आणि जवळून चार फोटो काढले. माती कणाकणाने दिसत होती. टोपली नेऊन बाईला परत दिली. म्हटलं, "घे, आता हिचं काम नाही."

सांजेला नाकेदार येईतो गुरं त्याच वाटेने घरी आली होती. खूण उरली नव्हती. शाळेच्या ओसरीवर मी रुबाबात त्याला फोटो दाखवला. 

"फोटू लय साजरा हाये, गुरुजी. पन हा केवढा?"

 पडदाभर पंजा होता, पण तो मांजराचा असता तरी पडदाभरच आला असता. शेजारी नुसती काडेपेटी ठेवली असती तरी भागलं असतं.

"तुमी तं डोयानं पाह्यला ना?"

आता नाही कसं म्हणू? मी चार बोटं जोडून दाखवली. "एवढा."

"मंग बिबट असंन," नाकेदार म्हणाला. पण फडक्यातली काच त्याने लगेच सायकलला बांधली नाही. 

बिबट नेहमीचाच. वाघ असता तर नाकेदाराने चार दिवस मोह वेचणं बंद केलं असतं. खिचडीवाली बाई खांबाशी उभी होती. तिने मला विचारलं, "मंग जाऊ ना मी सकायी?"

"जा की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा. चूल पेटली नव्हती. तिची वाट पाहत मी फोटो मोठा करून बघत बसलो आणि कोपऱ्यात एक मोहफूल दिसलं. अंगणात तिनेच ती फुलं वाळत घातलेली. मी झाडूची काडी पडद्यावरच्या फुलाएवढी मोडली आणि पंजाच्या रुंदीवर फिरवली. आठ वेळा बसली. अंगणातली आठ फुलं ओळीने फरशीवर मांडली, त्यावर माझी चार बोटं ठेवली. निम्मी फुलं बाहेर राहिली.

तेव्हा मला कळलं. मातीतला पंजा मी पाहिलाच नव्हता. पडद्यावरचा पाहिला होता, आणि तो पडदा चार बोटांचा होता.

मी धावत सुटलो. आमच्याकडे ज्याचं त्याचं मोहाचं झाड ठरलेलं असतं, बायका एकमेकींना हाका मारत वेचतात. मी पोचलो तेव्हा बाकीच्या एका जागी गोळा होऊन तिलाच हाका मारत होत्या. तिच्या झाडाखाली टोपली सरळ उभी होती, अर्धी भरलेली. पुढे गवत एका रेषेत दबलेलं होतं.

नाकेदार आला. टोपलीजवळच्या खुणेवर त्याने काच धरली, रेघ ओढली, महिन्यापूर्वीच्या कागदावर ठेवली. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. मग त्याने काच फडक्यात गुंडाळली. 

नाकेदार तिथेच उभा असताना तिने मला विचारलं होतं. कॅमेरा माझ्याकडे होता म्हणून.