देवपूरचा मोडेम

कॉम्प्युटर शिकवणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही, फोन वाजला की एक जमा होतो. माझा क्लास जळगावला होता आणि निम्मे किस्से धुळ्याहून, एकट्या मधूकडून यायचे.

मधू माझा कॉलेजातला मित्र, धुळ्यातल्याच देवपूर भागातल्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर. पोलंडमधल्या एका डॉक्टरशी तो पोस्टकार्डांवरून बुद्धिबळ खेळायचा आणि दर वेळी हरायचा. नव्वदचं दशक संपता संपता डॉक्टरने कळवलं, आता ईमेलवर खेळू. मात्र तीन दिवसांत चाल आली नाही तर डाव गेला. मधूने कॉम्प्युटर आणि मोडेम घेतला आणि मला कामाला लावलं.

*

घरात लाइन एकच. मधू माझ्याशी बोलत असला की मोडेम बंद. म्हणून मी सांगायचं, त्याने फोन ठेवून करून बघायचं, परत फोन करायचा.

एकदा म्हटलं, "मोडेम बंद कर, दहापर्यंत मोज, चालू कर." पंधरा मिनिटं झाली तरी फोन नाही. शेवटी मीच लावला.

"तिसऱ्यांदा मोजतोय रे," मधू म्हणाला. "दर वेळी सातावर आलो की कुणीतरी दारात येतं."

*

मे महिन्यात मोडेम तापायला लागला. "जरा गार जागा बघ त्याला," मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोडेम पार मुका.

"कुठे ठेवलास?"

"माठावर," मधू अभिमानाने म्हणाला. "वर ओलं फडकंही टाकलंय."

नवा मोडेम घ्यावा लागला.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन. लाइन लागत नव्हती.

"लाल दिवा लागलाय का?"

"सगळेच लाल आहेत."

सगळे दिवे लाल, हे मोडेमच्या पुस्तकात कुठेच नव्हतं. मी तासभर पानं उलटली, मग डोक्यात प्रकाश पडला. "मधू, अक्कांनी काल त्याची पूजा केली का?" अक्का म्हणजे मधूची आई.

"केली ना. त्याला कुंकू जरा जास्तच वाहिलं. सारखा आजारी असतो म्हणून."

*

दिवाळीत मधू पहिल्यांदाच जिंकायला आला. एक चाल पाठवली की डॉक्टर संपला. आणि नेमकं मुदतीच्या दिवशी दुपारी मोडेम किंचाळायचा आणि लाइन तुटायची. तीनदा तसंच झालं.

"नऊ वर्षं हरतोय रे," मधू म्हणाला. "हा डाव गेला तर परत नाही खेळणार."

मलाही फार वाईट वाटलं. "घरात दुसरा फोन आहे का?"

"याच लाइनवरचा, स्वयंपाकघरात. पण तिथे अक्का एकटीच आहे. ती कुणाला फोन करणार?"

म्हटलं, अजून एकदा बघ. चौथ्यांदा चाल गेली! संध्याकाळी डॉक्टरने हार कबूल केल्याचं उत्तरही आलं. मी आनंदाने धुळ्याला फोन लावला, तर अक्कांनी उचलला.

"अक्का, मधू जिंकला, कळलं का?"

"बरं व्हयनं," अक्का म्हणाल्या. "पन त्या मानूसले जरा समजाड. दुपारी तीन डाव बारीक घंटी वाजनी, तीन डाव मी फोन उचला. तो नुसता आरडी ऱ्हायंता. मी त्याले सांगं, भाऊ, मधू काममा शे, मंग कर. चौथा डाव मी उचलाच नही."